सवतीचं फूल

मास्तर गेल्यापासून मास्तरीणबाईंनी त्यांच्या काचेच्या टाकीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. टाकीत मासा एकही नाही, नुसतं एक झाड. तलवारीसारख्या लांब पानांचं, पाण्याखाली वाढणारं. मास्तर भूगोल शिकवायचे. आल्यागेल्यापुढे नकाशा पसरून दक्षिण अमेरिकेतल्या त्याच्या पाणथळ जागा दाखवायचे आणि शेवटी म्हणायचे, "याला एकदा फूल आलेलं बघायचंय." सकाळी उठले की आधी टाकीत पाणी, मग बायकोकडे चहा. बाई झाडाला 'सवत' म्हणायच्या आणि अगदी पाण्यात बघायच्या.

आता सवतीला पाणी कोण घालणार? बाईंनी घातलं नाही. मुद्दाम म्हणा, दुःखानं म्हणा, त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. टाकी निम्म्यावर आली, पानं उघडी पडली.

आणि आज केर काढता काढता त्यांनी मान वर केली, तर उंच दांड्यावर पांढरंशुभ्र, तीन पाकळ्यांचं फूल!

त्यांनी झाडू टाकला आणि मास्तरांचा दोस्त, रोपं विकणारा दुकानदार, त्याला फोन लावला.

"मी पाणीच घातलं नाही हो भाऊजी. मारायलाच निघाले होते म्हणा ना."

"अहो वहिनी, म्हणूनच फुललं! त्याच्या मुलखात पूर ओसरला की ते उघड्यावर येतं, मग फुलतं. मास्तरांना सांगून सांगून थकलो, थोडं पाणी उतरू द्या. तर म्हणायचे, तहानलेलं बघवत नाही." मग म्हणाला, "मी नेमका परगावी आहे. एका दिवसाचं फूल असतं हो, संध्याकाळी मिटेल."

इतकी वर्षं वाट पाहिलेलं फूल, ते कोणीच न बघता मिटायचं? बाईंनी पायात चपला सरकवल्या. शेजारी कुलूप. वरच्या मजल्यावरची बाई दारातूनच म्हणाली, "नंतर येते हं काकू," आणि दार लावून घेतलं. थोरला फोनवर घाईत होता. "आई, फोटो पाठव ना, बघतो." फोटो पाठवायचं काम मास्तरांचं. बाईंना ते कधी जमलंच नाही.

दुपार कलली तेव्हा त्यांनी मास्तरांचं स्टूल ओढलं आणि टाकीपुढे बसल्या.

"फुललीस एकदाची, मेले," त्या म्हणाल्या. "तो माणूस होता तेव्हा काय झालं होतं गं तुला?"

मग त्यांनी चष्मा लावला. पाकळ्या किती नाजूक, मधला पिवळा ठिपका केवढा, दांडा कुठून फुटलाय, शेजारी अजून कळ्या आहेत का, सगळं बारकाईनं पाहून ठेवलं. मास्तर खोदून खोदून विचारणार, एकही गोष्ट सुटायला नको.

पाकळ्या मिटू लागल्या तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्याला आता कोणीच काही विचारणार नाही.