गुरुदत्तचं नाक

गुरुदत्तने बाटलीचं बूच ओढलं आणि मी उठून खिडकी लावली. डोंबिवलीत राहणाऱ्याला याचं कारण सांगावं लागत नाही. एमआयडीसीत कुठल्या कारखान्याने हवेत उग्र वासाचं काही सोडलं की आमच्या हातांना ते आधी कळतं. डोक्यापर्यंत बातमी पोचायच्या आत कडी लागलेली असते. "आज भरदिवसाच सोडलंय," मी म्हटलं. गुरुदत्तचं लक्षच नव्हतं. मुलगी बघायला आलेल्या सासूने बघावं, तसा तो ग्लास तिरका धरून वाइनचा रंग बघत होता.

रंग फिका होता. तो तसाच असायला हवा, असं त्याचं म्हणणं. काळीकुट्ट, गोडमिट्ट वाइन त्याला औषधाच्या बाटलीतली वाटे. आमच्या सोसायटीत तर रेड वाइन म्हणजे हार्टचं औषध, त्यामुळे लोक यायचे आणि "दोन चमचे घेतले तर चालेल ना?" असं विचारायचे. गुरुदत्त त्यांना ग्लासभर द्यायचा आणि वर अर्धा तास भाषण द्यायचा. पुढे पुढे लोक यायचे बंद झाले. ते वाइनमुळे की भाषणामुळे, ते मी विचारलं नाही.

भाषण मला पाठ आहे. माळशेजचा घाट चढून गेलं की एका उंच माथ्यावर भगवानची द्राक्षं आहेत. भगवान याच्याच कंपनीत ऑपरेटर होता, निवृत्त झाल्यावर गावी गेला. तिथे हिवाळ्यात रात्री गोधडीबाहेर पाय काढवत नाही. गुरुदत्त म्हणे, उन्हात घाईने पिकलेल्या द्राक्षात नुसती साखर असते, थंडीत सावकाश पिकलेल्या द्राक्षाला चव असते. नवऱ्यांनाही हेच लागू असेल तर मी आणखी काही वर्षं थांबायला तयार आहे, असं मी एकदा म्हटलं होतं. तो हसला नाही. वाइनच्या बाबतीत तो हसत नसे.

दर आठवड्याला तो कल्याणहून एसटीने मुरबाडमार्गे वर जायचा. तिकडे बाबुराव म्हणून एकाची छोटी वायनरी आहे. त्याच्या लायसन्सवर, त्याच्याच शेडच्या कोपऱ्यात गुरुदत्तचं एकच लाकडी पिंप होतं. घड न् घड हाताने निवडायचा, सडका मणी दिसला की तो काढून टाकायचा. पाकिटातलं यीस्ट नाही, द्राक्षाच्या सालीवर जे असेल तेवढंच. टिकवायची पावडर नाही. आणि लॅब तर नाहीच. बाबुराव म्हणायचा, साहेब, एकदा टेस्टिंगला पाठवा. गुरुदत्त म्हणायचा, "एकतीस वर्षं लॅबच केली. कागदाला वास नसतो, बाबुराव. वाइन नाकावर करायची."

एकतीस वर्षं तो सॉल्व्हंटच्या कंपनीत केमिस्ट होता. रंगात, गोंदात, नेलपॉलिशमध्ये जातं ते सॉल्व्हंट. ड्रमवर नाव कंपनीचं, परदेशी गेला तर नाव कंपनीचं, बिघडला तर मात्र गुरुदत्त रेग्यांना बोलवा. त्यामुळे या वाइनवर त्याला स्वतःचं नाव हवं होतं. दुसरं काही नको होतं. आणि ते मिळायची वेळ आली होती. आमच्या मुलीचा, उर्वीचा शाळेतला मित्र मितेश ठाण्यात रेस्टॉरंट काढत होता. तिथे फक्त छोट्या लोकांनी हाताने केलेल्या वाइन ठेवणार, आणि मेन्यूवर वाइनखाली करणाऱ्याचं नाव छापणार. रेड एकच घ्यायची होती, आणि मितेश म्हणाला होता, काकांची वाइन चाखू आणि ठरवून टाकू.

त्यासाठीच त्या दिवशी बाटली उघडली होती. गुरुदत्तने ग्लासात नाक घातलं आणि बराच वेळ काढलंच नाही. "कोकमाचं साल," तो म्हणाला. "मागे ओला भुसा. कशी आहे?" मी घोट घेतला. आंबट, तुरट. बाकी हवेतल्या त्या वासात मला काही कळेना. छान आहे, म्हटलं. त्याला तेवढंच हवं होतं.

आठ दिवसांनी आम्ही ठाण्याला गेलो. गुरुदत्तने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि चार बाटल्या टर्किश टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतल्या होत्या. उर्वी गाडी चालवत होती. प्रत्येक स्पीडब्रेकरला तो तिला हळू म्हणायचा. ती लहान असताना तिलाही त्याने इतकं जपून कधी नेलं नव्हतं, आणि हे तिने बोलूनही दाखवलं.

मितेश चांगला मुलगा. वाकून नमस्कार केला, आम्हाला काचेच्या भिंतीजवळच्या टेबलावर बसवलं. एसी गार होता. बाहेर घोडबंदर रोडची वाहनं नुसती दिसत होती, आवाज नव्हता. मितेशने स्वतः वाइन ओतली, ग्लास फिरवला, नाकाशी नेला आणि थांबला.

"काका, ही बाटली जरा गेलेली वाटतेय," तो म्हणाला. "होतं असं कधी कधी. दुसरी उघडू या?"

दुसरी उघडली. मितेशने वास घेतला, आपल्या शेफला बोलावून त्यालाही दिला. शेफने ग्लास खाली ठेवला आणि मितेशकडे बघितलं. गुरुदत्त त्याच बाटलीतून स्वतःच्या ग्लासात ओतून घेऊन मन लावून सांगत होता, कोकमाचं साल, ओला भुसा, थंडीत सावकाश पिकलेलं. तिसरी उघडली तेव्हा माझ्यापर्यंत तो वास आला. मी उठले आणि खिडकी लावायला काचेपाशी गेले. काच जमिनीपासून छतापर्यंत सलग होती. मी तिच्या कडेवरून हात फिरवत होते.

"काय हवंय, काकू?" मितेशने विचारलं.

"कडी," मी म्हटलं, आणि मग माझ्या लक्षात आलं. ठाण्यात, बंद काचेच्या आत, एमआयडीसी कुठून येणार? मी परत येऊन बसले.

मितेशने फार जपून शब्द काढले. "काका, राग मानू नका. थोडं सॉल्व्हंटसारखं येतंय. नेलपॉलिश रिमूव्हर असतं ना, तसं."

"शक्य नाही," गुरुदत्त म्हणाला. "सॉल्व्हंटचा वास मला कळणार नाही? अरे, एकतीस वर्षं मी दुसरं काय..." आणि तो तिथेच थांबला. कितीही झालं तरी केमिस्ट. पुढचं गणित त्याला कुणी घालून द्यायची गरज नव्हती. त्याने पुन्हा ग्लासात नाक घातलं. मग दुसऱ्या ग्लासात. मग तिसऱ्या. शेवटी त्याने माझ्याकडे बघितलं.

"चित्रा, तुला येतोय वास?"

उर्वी समोरून माझ्याकडे बघत होती. नाही म्हण, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. संसारात मी हजार वेळा खोटं छान म्हटलं आहे. त्याने केलेल्या साबुदाण्याच्या खिचडीलाही म्हटलं आहे. पण तो असा विचारत होता की नाही म्हणणं म्हणजे त्याला वेड्यात काढणं झालं असतं.

"येतोय," मी म्हटलं. "घरी पण येत होता. मला वाटलं, कंपनीचा आहे."

"कंपनीचाच आहे," तो म्हणाला. "तेच केमिकल."

मितेश घाईघाईने म्हणाला की मटणाच्या रश्शात घालता येईल, फळं टाकून सांग्रिया करता येईल, पुढच्या वर्षी पुन्हा बघू. गुरुदत्तने मान हलवली. "खराब आहे ते खराब आहे, बेटा," असं म्हणून त्याने सगळे ग्लास स्वतः बादलीत रिकामे केले आणि टेबलावर सांडलेले थेंब टिपकागदाने पुसले. उघडलेल्या बाटल्यांना बुचं लावली. टॉवेलात मात्र त्या गुंडाळल्या नाहीत.

येताना शीळफाट्याला गाड्या अडल्या होत्या. तिथे त्याने मला सगळं समजावून सांगितलं, कंपनीत नव्या पोरांना सांगायचा तसं. पिंप काठोकाठ भरलेलं नसलं की वरच्या पोकळीत हवा राहते. हवेने जंतू वाढतात, वाइन आंबते आणि मग त्यातून हे तयार होतं. यात नवल काही नाही, कुणाच्याही पिंपात होतं. "नाक असलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी कळतं," तो म्हणाला. "तो पिंप भरून टाकतो. संपलं."

मला फार राग आला होता. लग्नानंतर त्याच्या शर्टांना तो वास असा यायचा की मी ते वेगळे धुवायचे. दोन-तीन वर्षांनी यायचा बंद झाला. मला वाटलं, प्लांट सुधारला. प्लांट तसाच होता, आम्हीच सुधारलो होतो. माझं थोडंफार शिल्लक राहिलं, त्याचं सगळं गेलं. निरोपसमारंभात त्याला शाल दिली, नारळ दिला, मॅनेजरने भाषण केलं. घरी काय परत पाठवतोय ते कुणी बघितलं नाही. आणि राग गुरुदत्तचाही आला होता. तीन वर्षं हा माणूस माझ्यापुढे ग्लास धरत होता, पण कशाचा वास येतोय, असं एकदाही विचारलं नाही. फक्त कशी आहे, एवढंच. माझ्या भावाने पहिल्या वर्षीच्या वाइनमध्ये लिंबूसोडा ओतला, तेव्हा गुरुदत्तने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. त्या बिचाऱ्याला वास येत असणार आणि सांगायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बाबुरावला फोन केला. पिंप व्हिनेगरला द्या, म्हणाला. बाबुराव तिकडून मोठ्याने बोलत होता, मला ऐकू येत होतं. साहेब, कशाला वाया घालवता, साखर मारू, बायका-पोरं आवडीने पितात, कुणाच्या बापाला कळत नाय. गुरुदत्तने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मलाही कळत नाही, बाबुराव. म्हणूनच नको." मग भगवानला फोन करून सांगितलं की यंदा द्राक्षं बाजारात घाल, माझी वाट बघू नकोस. भगवानने का म्हणून विचारलं असावं. तब्येत, एवढंच गुरुदत्त म्हणाला.

फोन ठेवून तो स्वयंपाकघरात आला, ओट्याजवळच्या स्टुलावर बसला आणि त्याने डोळे मिटले.

"एकेक डबा दे," तो म्हणाला. "नाव सांगू नको."

मी हिंगाची डबी धरली. हिंग, तो म्हणाला, आणि जुना झालाय, बदल. लवंग ओळखली. वेखंड ओळखलं. कॉफी, कापूर, वाळा, सगळं पटापट ओळखलं. मेथी आणि मोहरी मी मुद्दाम एकत्र धरली, तीही त्याने वेगळी करून सांगितली. मला इतका आनंद झाला की मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. नाक शाबूत आहे रे, म्हटलं. पुढच्या वर्षी पिंप भरायला मी येते तुझ्याबरोबर, वास मी घेईन, तू बाकीचं कर.

"दुसऱ्याच्या नाकाने वाइन होत नाही," तो म्हणाला. डोळे त्याने उघडले नव्हते. "उर्वीचं ते रिमूव्हर आहे का घरात?"

तिच्या जुन्या कपाटात अर्धी बाटली सापडली. नको आणू, असं वाटत होतं, पण मी आणली. त्याच्यासमोर उभं राहून झाकण फिरवलं तर वास थेट माझ्या टाळूला भिडला. बाटली मी त्याच्या नाकाखाली धरली. त्याने छाती भरून श्वास घेतला, थांबला, पुन्हा घेतला. वाफ त्याच्या डोळ्यांपर्यंत पोचली. मिटलेल्या पापण्यांच्या कडेने पाणी यायला लागलं आणि गालांवरून खाली आलं.

"दे ना," तो म्हणाला.

"धरलंय," मी म्हटलं.

त्याने मान पुढे केली, बाटलीच्या तोंडाला नाक टेकवलं आणि आणखी एक लांब श्वास घेतला.

"झाकण काढलंयस ना?" त्याने विचारलं.