इस्मे गुडरिज सुट्टीवर जाते

“यंदाची भिशी तुझी निघाली म्हणून विचारतोय, ताई. एरवी विचारलं असतं का मी?” डार्नली म्हणाला आणि खाऱ्या माशाचं सहावं भजं त्यानं तोंडात टाकलं.

इस्मे कढईपाशीच उभी होती. तिच्या या धाकट्या भावाचं, बेटाच्या राजधानीला, ब्रिजटाउनला जायच्या वाटेवर रमचं दुकान होतं, आणि दुकानाला मोठा फ्रीज हवा होता. भिशीत त्याचा नंबर सतरावा, म्हणजे चार महिने लांब. नंबर बदलून घ्यायची रीत होतीच. कुणाच्या घरी अडचण आली की दुसरा आपला नंबर देतो, त्यात नवल काहीच नाही. नवल एवढंच, की दरवेळी देणारी इस्मेच असायची.

“नाही,” इस्मे म्हणाली.

“नाही म्हणजे?”

“म्हणजे नाही. मी बेक्वियाला चाललेय. चार रात्री.”

डार्नलीनं हातात घेतलेलं सातवं भजं परत ताटलीत ठेवलं. “बेक्वियाला? त्या पलीकडच्या बेटावर? कोण वारलं?”

“कुणी नाही.”

“मग तिथं आपलं आहे कोण?”

“कुणी नाही. म्हणूनच जातेय. सुट्टीवर.”

तो असा काही हसला की शेजारच्या कोंबड्या ओरडायला लागल्या. “समुद्र बघायला समुद्र ओलांडून जाणार ही बया! इथं दारात काय आहे? चिखल?”

“दारात समुद्र आहे रे. पण एकतीस वर्षं हॉटेलच्या खोल्या आवरताना मी पाहुण्यांनी त्या समुद्राकडून आणलेले ओले टॉवेलच तेवढे उचललेत.”

डार्नलीनं ते सातवं भजं पुन्हा उचललं. त्यानं हिशेब काढून पाहिला असता तर तोंडच उघडलं नसतं. इस्मेची पहिली भिशी गेली वादळात उडालेल्या छपराला, दुसरी आईच्या मयताला आणि तिसरी याच दिवट्याच्या गाडीनं सरकारी खांब पाडला त्या दंडाला. आता ही चौथी. वय अठ्ठावन्न. पाचवीची खात्री कुणी द्यायची? तरी भाऊ तोंड पाडून निघाला तेव्हा उरलेली भजी तिनं त्याच्याबरोबर बांधून दिली. रविवारी चर्चमध्येही दोघी-तिघींनी ऐकवलं, “काय बाई, मोठ्या लोकांची थेरं!” इस्मेनं हातातलं भजनाचं पुस्तक आणखी वर धरलं आणि आणखी मोठ्यानं गायली.

भिशीचे दोन हजार डॉलर हातात आले त्या संध्याकाळी तिनं पाच पाकिटं मांडली. विमान आणि बोट मिळून सातशे ऐंशी. खोली पाचशे वीस. सप्टेंबरात वादळांच्या भीतीनं सगळीकडे हॉटेलं ओस पडतात, म्हणून एवढ्यात मिळाली. खाणं चारशे. टॅक्सी आणि किरकोळ शंभर. उरले दोनशे. त्या पाकिटावर तिनं मोठ्या अक्षरांत ‘उधळपट्टी’ असं लिहिलं आणि आपणच लाजली.

पैसे राखण्यात मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. सुट्टीवरचा माणूस कुठे बुडतो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? खोलीतल्या छोट्या फ्रीजमधलं पाणी पिऊन बुडतो. धक्क्यावरच्या पहिल्या टॅक्सीत भाव न विचारता बसून बुडतो. तिनं सामानात पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या घेतल्या आणि ड्रायव्हर लोक जेवतात तिथेच जेवायचं असं ठरवून टाकलं.

बेक्वियाची बोट सेंट व्हिन्सेंट बेटावरून सुटते; तिथल्या विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं तिची चर्चला जायची टोपी पाहिली आणि आवाज खाली आणला. “मयताला आलात का, बाई?”

“सुट्टीवर.”

“नातेवाइकांकडे?”

“हॉटेलात.”

त्यानं तिच्याकडे एकदा नीट पाहिलं, मग हसून शिक्का मारला. “मजा करा,” तो म्हणाला. हे शब्द इस्मेनं आजवर हजारो माणसांना म्हटले असतील. तिला कुणी म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

आणि मजा तिनं केली! उगाच नाही. उधळपट्टीच्या पाकिटातून होडी केली, एकटीसाठी. होडीवाल्यानं “आणखी कुणी यायचंय का?” म्हणून विचारलं, तर म्हणाली, “नाही रे बाबा, सगळी होडी माझी!” वाळूवर बसून रमचं सरबत मागवलं, ज्यात कागदाची छत्री खोचलेली असते ते, आणि पोऱ्यानं ग्लास आणून समोर ठेवला तेव्हा उठून त्याला मदत करायचा मोह मोठ्या कष्टानं आवरला. तिसऱ्या दिवशी ते पाकीट रिकामं झालं आणि तिला जराही वाईट वाटलं नाही. खाण्याच्या पाकिटात मात्र तिनं रोज काटकसर करून साठ डॉलर राखले होते. शेवटच्या दुपारी, बोटीआधी, शेवंड, म्हणजे लॉब्स्टर, खायची होती. एकतीस वर्षं तिनं लोकांच्या बाल्कनीतून शेवंडीची टरफलं गोळा केली होती. आतलं मांस कसं लागतं ते तिला माहीत नव्हतं.

लॉजवर खोल्या आवरायला जेनेल नावाची मुलगी होती. विशीतली, तोंडाची तिखट. तिसऱ्या सकाळी ती दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“मावशी, एक विचारू? माझ्या हातचा पलंग आवडत नाही का तुम्हाला?”

“अगं, असं का म्हणतेस?”

“मग रोज मी यायच्या आत लावून का ठेवता? न्हाणीघरसुद्धा पुसलेलं! मालकीण मला विचारते, खोलीत माणूस आहे का भूत?” मग तिनं चादरीचा कोपरा उचलून पाहिला आणि डोळे बारीक केले. “ही घडी घरातली नाही. मावशी, तुम्ही आमच्यातल्याच ना?”

चोरी पकडली गेल्यासारखं इस्मेला झालं. “एकतीस वर्षं,” ती म्हणाली.

“मग तुम्हाला तर कळायला हवं,” जेनेल म्हणाली. “काम नसलं की आमचे दिवस कमी करतात.”

कळायला हवंच होतं.

शेवटच्या सकाळी बॅग भरून तिनं पाकिटं उघडली. बोटीचे पैसे बाजूला, टॅक्सीचे बाजूला, शेवंडीचे साठ बाजूला. सगळं पैशापैशाला जुळलं होतं. ती खूश होऊन खोलीवर शेवटची नजर फिरवायला वळली, आणि नजर सवयीनं उशीकडे गेली.

तिनं कपाळावर हात मारून घेतला. बक्षिसी!

अगं इस्मे, अगं भवाने! गेलेल्या पाहुण्याच्या उशीवर काही ठेवलंय का, हे एकतीस वर्षं रोज सकाळी बघितलंस. पंधरा दिवस राहून साबणाची अर्धी वडी मागं ठेवून गेलेल्या जोडप्याला तू आठवडाभर शिव्या घातल्यास. आणि तुझ्या पाच पाकिटांत त्याचंच पाकीट नाही?

साठ डॉलर हातात घेऊन ती उभी राहिली. वीस ठेवावेत का? वीसही वाईट नव्हेत. पण वीस काढले तर शेवंड जाणारच होती, आणि जेनेललाही काही भरघोस मिळणार नव्हतं. शेवंड काय, अठ्ठावन्न वर्षं खाल्ली नाही, आणखी थोडी वर्षं नाही खाल्ली तर जीव जात नाही. उसासा मात्र चांगला लांबलचक निघाला. तिनं साठच्या साठ डॉलर उशीवर ठेवले.

आणि मग तिला दिसलं, की पलंग लावलेला होता. पहाटे पाचलाच, झोपेतून उठल्या उठल्या, तिच्या हातांनी तो लावून टाकला होता. चादरीवर एक सुरकुती नाही. अशा पलंगावर पैसे ठेवले तर ती भीक झाली. घामाच्या पैशाला घाम तरी लागायला नको?

इस्मेनं पैसे उचलून टेबलावर ठेवले. दोन्ही हातांनी चादर धरली आणि खस्सकन ओढली. एक उशी खुर्चीवर फेकली, एक जमिनीवर. मग न्हाणीघरात जाऊन दोन्ही टॉवेल भिजवले आणि फरशीवर टाकले, अगदी तिच्या हॉटेलातले पाहुणे टाकतात तसे. हे करताना तिला इतकं हसू येत होतं की भिंतीला टेकावं लागलं. पैसे पलंगाच्या मधोमध ठेवून, बॅग उचलून ती खाली उतरली.

ती फाटकापर्यंत पोचली तेव्हा वरून आवाज आला. आधी किंचाळी, मग खिडकीतून अर्धी बाहेर आलेली जेनेल.

“मावशी! अहो मावशी! किती हो हा पसारा!”

“मग!” इस्मेनं वाटेवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. “सुट्टीवर होते मी!”

धक्क्यावर कुणीतरी शेवंड भाजत होतं. तिच्या पोटात कावळे ओरडत होते. बाटलीतलं पाणी पिऊन, टोपी नीट करून, ती बोटीच्या पहिल्या बाकावर जाऊन बसली.