चार पदरांची सावली

मित्रांनो, महासागराच्या पोटात जन्मणाऱ्या एका पुरातन जिवाला मी मरणाच्या दारातून परत आणले आहे. त्याआधी मी डास अडवत असे, आणि ते मला धड जमले नव्हते.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीची एक जुनी नायलॉनची जाळी आहे. नऊ वर्षे मी त्या खिडकीला चिकटून उभी होते. तळणाचा धूर खाऊन खाऊन माझा पांढरा रंग राखाडी झाला. "हिच्यामुळे खिडकी उघडी तरी ठेवता येते," असे घरची ताई एकदा म्हणाली होती. तेवढे एक कौतुक मी नऊ वर्षे पुरवून पुरवून वापरले. मग माझा कोपरा फाटला, नवी जाळी आली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली, एका फुटक्या बादलीत.

या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत दवाखाना आहे. ताईचा धाकटा भाऊ दात सरळ करणारा डॉक्टर. ताई त्याचा फोन, त्याच्या वेळा आणि वेळप्रसंगी त्याची अक्कल सांभाळते. पेशंट बसतात त्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे. तिच्यात त्यांच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, अंगठ्याएवढ्या तुकड्यापासून अकरा वर्षे वाढवलेले प्रवाळ आहे. आता ते फ्लॉवरच्या गड्ड्याएवढे झाले आहे.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, मित्रांनो. तो जिवंत प्राणी. तो अंगात बारीक शेवाळ पाळतो. ते शेवाळ उजेडावर स्वयंपाक करते आणि हा आयता जेवतो. पुष्कळ घरांत असे चालते.

अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. रोज सकाळी ते काचेला नाक लावून बसायचे आणि म्हणायचे, "नुसतं धुकं दिसतंय रे." मुलाचा जीव तुटला. त्याने टाकीवरचा जुना मिणमिणता दिवा भंगारात दिला आणि तिप्पट उजेडाचा नवा दिवा टांगला. त्याला एकच बटण होते. चालू, नाहीतर बंद.

अण्णांना धुकेच दिसले, फक्त जरा झगझगीत. प्रवाळ मात्र पाच दिवसांत पांढरेफटक पडले.

टाकीचे पाणी बदलायला जे गृहस्थ येतात, त्यांना सगळे खारेकाका म्हणतात. ते वाकून बराच वेळ बघत राहिले.

"मेलेलं नाहीये डॉक्टर, उपाशी आहे. एवढा उजेड सोसेना, म्हणून आतलं शेवाळच बाहेर टाकलंय त्यानं."

"पण काका, समुद्रात तर भर ऊन असतं की!"

"समुद्रातल्याला असेल सवय. हे तुमच्या बाकाशेजारी वाढलंय."

ताईने वहीतून मान वर केली. "लोकांचे दात महिन्याला एक मिलिमीटर सरकवतोस. कुणी घाई केली की 'मुळं हलतील' म्हणून अर्धा तास भाषण देतोस. आणि या बिचाऱ्याला एका दिवसात उन्हात उभं केलंस?"

बाकावरचा एक पेशंट तोंडात तारा असूनही हसला.

ताईने आवाज खाली आणला. "दोन महिन्यांनी अण्णांचं ऑपरेशन आहे. पट्टी सुटली की ते आधी इथे येऊन बसणार. काय दाखवायचं त्यांना?"

"काय कुजबुजताय रे?" आतल्या खोलीतून येत अण्णा म्हणाले. "कसं आहे ते?"

"झकास!" तिघे एकदम म्हणाले.

खारेकाकांनी विचारले, "घरात जुनी जाळी आहे का? लोखंडाची नको, गंज पाण्यात उतरेल." अशी मी माळ्यावरून खाली आले. साबण न लावता मला धुतले, कात्रीने माझे चार सारखे तुकडे केले आणि एकावर एक ठेवून दिव्याखाली पसरले. दर पंधरा दिवसांनी एक तुकडा काढायचा, असे ठरले. चार तुकडे झाल्याचे मला वाईट वाटले नाही. फाटका कोपरा एकाच्याच वाट्याला आला.

पहिला पंधरवडा काहीच झाले नाही. मग बुडाशी चहाच्या डागासारखा रंग दिसला. एक तुकडा निघाला. पुढच्या खेपेला डॉक्टरने एकदम दोन काढले. "चांगलं चाललंय की. हाताशी वेळ असलेला बरा."

तिसऱ्या दिवशी कडा पुन्हा पांढऱ्या झाल्या. ताईने त्या दोनांपैकी एक तुकडा परत जागेवर ठेवला. मग जाता जाता एवढेच म्हणाली, "मुळं हलतील."

त्यानंतर त्याने मला बोट लावले नाही. रोज सकाळी तो पहिल्या पेशंटच्या आधी येऊन नुसता बघायचा. शेवटचा तुकडा अण्णा यायच्या आदल्या दिवशी निघाला. प्रवाळ तपकिरी-हिरवे झाले होते, आणि टोकांना जांभळी झाक आली होती.

अण्णा काळा चष्मा लावून आले. खुर्ची ओढून बसले, चष्मा काढला. ताईने पदर मुठीत धरला होता.

"अरे, हे एवढं मोठं कधी झालं?" अण्णा म्हणाले. "आणि टोकं जांभळी आहेत! मला वाटायचं, काळीच असतील." त्यांनी काचेवर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला. डॉक्टरने उगाच नाक शिंकरले.

मग अण्णांनी डोळ्यांवर हात आडवा धरला. "पण हा दिवा कुठला मेला? डोळ्यांत घुसतो. पूर्वीचा बरा होता की."

ताईने माझे तुकडे ठेवलेला खण उघडला.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा विचार करा. आणि कोणाला उजेडात आणायचेच असेल, तर पदर एकेक करून काढा, आणि आधी त्याला विचारा.

माझे चारही तुकडे आता टाकीवर आहेत. खारेकाकांनी परवा मोजून पाहिले. खाली पडतो तो उजेड जुन्या दिव्याएवढाच आहे.