पाठीनं तोडलेले आंबे

त्रिवेणीबाईंची साठी उलटली त्याच वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय हळूहळू सावरला, डावा हात मात्र मांडीवर पडून राहू लागला. त्यांचे यजमान हिम्मतराव यांनी मलकपेठेतलं कापडाचं दुकान मुलाच्या हवाली केलं आणि एक दिवसाआड ऑटोनं बायकोला तारनाक्याच्या थेरपी सेंटरला नेऊ लागले.

तिथली थेरपिस्ट स्नेहा पुण्याची, नवऱ्याच्या नोकरीमुळे हैदराबादेत आलेली. सुरुवातीला तिनं लाकडी ठोकळे आणि कपड्यांचे चिमटे दिले. त्रिवेणीबाईंना ते पोरखेळ वाटले. जरा करून त्या हात मागे घ्यायच्या. मग एक दिवस स्नेहानं त्यांना मोठ्या टीव्हीसमोर बसवलं. टीव्हीखालचा कॅमेरा समोरच्या माणसाची हालचाल टिपायचा. पडद्यावर आंब्याचं झाड होतं. आपण हात उचलला की पडद्यावरचा हात वर जायचा, आंब्याला लागला की आंबा टोपलीत पडायचा आणि कोपऱ्यातला आकडा वाढायचा.

हा खेळ त्रिवेणीबाईंना आवडला. आकडा दर खेपेला वाढत गेला. नांदेडच्या बहिणीला त्यांनी फोनवर सांगितलं, की हात सुधारला, आता वरच्या फांदीपर्यंत जातो. घरी तो हात काही करत नव्हता, पण त्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. हिम्मतरावही पडद्याकडेच बघत बसायचे.

स्नेहाही पडद्याकडेच बघायची. एकदा ती टीव्हीकडे पाठ करून बसली, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की त्रिवेणीबाई हात उचलतच नाहीत. त्या कमरेतून पुढं झुकतात, खांदा कानाशी नेतात, आणि हात नुसता बरोबर ओढला जातो. कॅमेऱ्याला तेवढं पुरत होतं. हे आपल्याला आधीच दिसायला हवं होतं, असं ती हिम्मतरावांना म्हणाली. मग एक रुंद पट्टा आणून तिनं त्रिवेणीबाईंची पाठ खुर्चीला बांधली.

त्या दिवशी एकही आंबा पडला नाही. पडद्यावरचा हात खालच्या फांदीच्याही खालीच घुटमळत राहिला.

"मशीन बिघडलंय," त्रिवेणीबाई म्हणाल्या.

मशीन ठीक आहे, असं स्नेहानं सांगितलं आणि पट्टा कशासाठी तेही समजावलं. घरी आल्यावर मात्र त्रिवेणीबाईंनी हिम्मतरावांना सांगितलं, की जनावरासारखं बांधून घ्यायला मी तिथं येणार नाही. दोन आठवडे त्या गेल्या नाहीत. हिम्मतरावांनी समजूत घालून पाहिली, मग सोडून दिली.

त्यानंतर एका सकाळी त्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या होत्या. उजव्या हातात ताट होतं, म्हणून फळीवरची लोणच्याची बरणी त्यांनी डाव्या हातानं घ्यायला पाहिली. हात वर गेला नाही, तशा त्या सवयीनं पुढं झुकल्या. स्टूल कलंडलं. हिम्मतराव दारातच होते, म्हणून त्यांनी काखेत हात घालून सावरलं. ताट खाली पडून घरभर आवाज झाला. बरणी जिथल्या तिथं होती.

हिम्मतरावांनी त्यांना तिथंच जमिनीवर बसवलं. मग त्या म्हणाल्या, "अहो, ते आंबे हातानं नव्हते तोडले. माझ्या पाठीनं तोडले मी."

हिम्मतराव म्हणाले, "हौ."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"नक्की नव्हतं. तू खुश होतीस."

पुढच्या आठवड्यात त्या सेंटरला गेल्या. स्वतःहून खुर्चीला टेकून बसल्या आणि पट्टा बांधायला सांगितला. एवढंच म्हणाल्या, की तो आकडा मला दिसायला नको. स्नेहानं टीव्हीच्या कोपऱ्यावर कागद चिकटवला आणि आंबे खाली घेतले, पार मांडीच्या उंचीला.

दिवाळी होऊन गेली तोवर हात छातीपर्यंत यायला लागला. त्याच्या वर जाईल की नाही, हे स्नेहाला सांगता येत नव्हतं, आणि तिनं ते तसंच सांगितलं. तेवढ्या उंचीवर तुम्हाला काय करायला आवडेल, असं तिनं विचारलं. त्रिवेणीबाईंनी हिम्मतरावांना बाहेर बसायला सांगितलं, मग हळू आवाजात म्हणाल्या, "ब्लाऊजचे हूक. झटका आल्यापासून हेच लावतात. कधी काही म्हणत नाहीत, पण मला नको वाटतं."

स्नेहानं कापडाच्या तुकड्यावर मोठे हूक शिवून आणले. खेळ झाला की त्या ते लावत बसायच्या. डाव्या हातानं कापड धरून ठेवायचं, उजव्यानं हूक अडकवायचा. पुढं हूक लहान होत गेले.

माघ महिन्यात एका सकाळी त्रिवेणीबाईंनी खोलीचं दार लावून घेतलं. हिम्मतराव बाहेर उभे राहिले. बराच वेळ झाला, तसं त्यांनी येऊ का म्हणून विचारलं. आतून नको असं उत्तर आलं. ते बैठकीत गेले, पेपर उघडला आणि चहा दोघांनी बरोबर घ्यायचा म्हणून थांबून राहिले.