पत्री मारलेला उजवा बूट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे, आणि त्यातही उजवा. हे मुद्दाम सांगतो, कारण वेगवान गोलंदाजाच्या पायातल्या डाव्या बुटाचं नशीब वेगळं आणि उजव्याचं वेगळं. चेंडू सुटताना डावा एकदा धाडकन जमिनीवर आपटतो आणि मोकळा होतो. उजवा मात्र मागून नाकावर फरफटत येतो. दर चेंडूला हात-दीड हात जमीन नाकाने उकरायची, हे माझं काम. डावा आजही घरच्या जावयासारखा गुबगुबीत आहे. माझ्याकडे बघा म्हणजे कळेल.

माझा जन्म उत्तरेकडे, पलटणींसाठी बूट शिवणाऱ्या एका कारखान्यात झाला. जाड कातडं, दुहेरी शिवण, तळाला लोखंडी खिळे. कवायत करावी, सलामी द्यावी, एवढीच माझी अपेक्षा होती. माझे पहिले मालक हंबीरराव शिपाई होते. एकाहत्तरच्या लढाईत त्यांनी आम्हाला चिखलातून नेलं, पण रोज पुसलं. शिस्तीचा माणूस! बाहत्तर साली ते रजेवर दहिवडीजवळच्या आपल्या गावी आले, तेव्हा माण तालुक्यात प्यायला पाणी नव्हतं आणि धाकटा भाऊ केरू दुष्काळी कामावर खडी फोडत होता. तेही अनवाणी.

"खडी फोडतुयास आन् पायात काय न्हाई? घाल ही," म्हणून हंबीररावांनी आम्हाला काढून केरूच्या पुढ्यात ठेवलं. तिथे माझी शिस्त संपली आणि वैताग सुरू झाला.

केरू वाईट माणूस नव्हता, हे मी आधीच कबूल करतो. सहा फूट उंच, गप्प स्वभावाचा, अंगात रेड्याची ताकद. वर्षभर घण मारून त्याचे खांदे असे तयार झाले, की पुढे फलटणकडच्या एका साखर कारखान्यात तो कामाला लागला आणि तिथल्या मैदानावर त्याने सहज म्हणून एक चेंडू फेकला, तर यष्टीमागचा माणूस चेंडू सोडून बाजूला झाला. त्या दिवसापासून केरू कारखान्याच्या संघात आला. कारखान्यावर बाजाराच्या दिवशी बसणाऱ्या ज्योतिबा चांभारांनी माझे खिळे उपटून टायरचा तळ लावला, आणि मी शिपायाचा बूट होतो तो गोलंदाजाचा झालो.

आता संघाचे कप्तान सयाजीराव यांच्याबद्दल सांगतो. शेतकी खात्यातले साहेब, शिकलेले, पण स्वतः फिरकी टाकणारे. तो काळच फिरकीचा होता, मित्रांनो. वेगवान गोलंदाजाला दोन षटकं द्यायची, ती चेंडूची चकाकी जावी म्हणून. तिसऱ्या षटकाला सयाजीराव हात पुढे करायचे, केरू निमूट चेंडू द्यायचा आणि सयाजीराव तो नवा कोरा चेंडू मातीत घासायचे. पन्नास पावलं मागे जाऊन, धावत येऊन, नाक घासून मी ज्याच्यासाठी मरायचो, तो चेंडू मातीत! मी कपाळाला हात लावला असता, पण मला हातही नाही आणि कपाळही नाही.

आणि केरू? "कप्तान सांगत्यात तसं," एवढंच बोलायचा. दोन वर्षं आम्ही दोन-दोन षटकं टाकत राहिलो. जिल्ह्याच्या संघात गेलो, तर तिथेही कप्तान सयाजीरावच. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते हेच.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर माझं नाक गेलं. आधी रंग गेला, मग कातड्याचा वरचा थर, मग एके दिवशी केरूचा अंगठा बाहेर डोकावून उजेड बघू लागला. ज्योतिबा दर बुधवारी बाजाराला यायचे. त्यांनी मला एकदाच हातात घेतलं आणि सांगितलं, "आवं केरूबा, टोकाला म्हशीचं कातडं घालाया पायजे. ठिवून जावा, फुडल्या बुधवारी न्या."

"घालू की. फुडल्या बुधवारी ठिवतो," केरू म्हणाला.

पुढच्या बुधवारी त्याला दुपारची पाळी लागली. त्याच्या पुढच्या बुधवारी त्याची आई बायडाबाई गावाहून आली, म्हणून राहिलं. एका बुधवारी तर तो खरंच ज्योतिबांकडे गेला, तासभर पोत्यावर बसून क्रिकेटच्या गप्पा मारल्या, भजी खाल्ली, आणि मला पायात घालूनच परत आला! असे सहा बुधवार गेले. मी दर बुधवारी आशा धरायचो आणि दर गुरुवारी स्वतःलाच शिव्या द्यायचो.

अशात जानेवारीत बातमी आली. सांगलीला सातारा आणि सांगली जिल्ह्यांचा सामना होता आणि राज्याच्या संघासाठी खेळाडू हेरायला पुण्याहून निवड समितीचे एक गृहस्थ येणार होते. केरूने ही बातमी ऐकली आणि पहिल्यांदाच मी बसल्या जागी त्याच्या पायाला घाम सुटलेला पाहिला. बायडाबाईंना तो म्हणाला, "आय, ह्या टायमाला गावलं तर गावलं. न्हाईतर जलमभर दोनच षटकं."

सामना रविवारी होता. बुधवार उलटून गेला होता. आता कुठे केरूला माझं नाक आठवलं.

तो मला घेऊन गेला गुंडाकडे. गुंडा कोण? कारखान्याच्या आवारात उसाच्या गाड्यांच्या बैलांना पत्र्या मारणारा माणूस! बैल खाली पाडायचा, पाय बांधायचे आणि खुरांना लोखंडी पत्र्या ठोकायच्या, हा त्याचा धंदा. गुंडाने मला उलटं केलं, सुलटं केलं, आणि त्याचे डोळे चमकले.

"केरू, ह्याला कातडं कशाला रं? बैलाची पत्री मारू. दोन-दोन टन ऊस वडत्यात बैलं ह्या पत्रीवर. तुजं वझं ते काय!"

"निघायची न्हाई न्हवं?"

"माज्या हातची पत्री? गड्या, बूट जाईल, पत्री ऱ्हाईल."

मी पलटणीचा बूट. मला जमिनीवर पाडून, पायाखाली दाबून, माझ्या नाकावर बैलाची पत्री ठोकली. खिळ्यांची टोकं वर काढून वळवून बसवली. शेजारी बांधलेला एक खिल्लारी बैल माझ्याकडे टक लावून बघत होता. त्या अपमानाबद्दल मी जास्त बोलत नाही.

संध्याकाळी कारखान्याच्या मुरमाड मैदानावर केरूने चार चेंडू टाकून पाहिले. पत्रीने जमिनीत नांगरासारखी चरी पाडली. गुंडाने टाळ्या वाजवल्या. केरू हसला. दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, की सांगलीला मुरूम नसतो. तिथे खेळपट्टीवर काथ्याची मॅट अंथरलेली असते.

रविवारी सांगलीच्या मैदानावर नवा चेंडू केरूच्या हातात आला. पुण्याचे गृहस्थ पांढरी टोपी घालून तंबूत खुर्चीवर बसले होते. केरू धावत आला, उडी घेतली, चेंडू सुटला, आणि माझी पत्री मॅटच्या काथ्यात अडकली. टर्रर्र! वीतभर मॅट फाटली. केरू तोंडावर पडता पडता वाचला.

पंच खाली वाकले. त्यांनी मॅट बघितली, मग मला बघितलं.

"हे काय आहे?"

"पत्री हाय जी."

"बैलाची?"

"व्हय जी."

सांगलीचे खेळाडू हसले. आमचेही हसले. तंबूतले ते गृहस्थसुद्धा हसले, आणि तेवढ्यापुरता मी केरूवरचा राग विसरून त्या सगळ्यांवर चिडलो.

"मॅटवर लोखंड चालणार नाही," पंच म्हणाले. "ते काढा, नाहीतर चेंडू दुसऱ्याला द्या."

कुणीतरी पक्कड आणली. दोघांनी ओढलं, तिघांनी ओढलं. गुंडाचा शब्द खरा ठरला, पत्री जागची हलली नाही. सयाजीरावांनी सवयीप्रमाणे हात पुढे केला. "दे केरू, चेंडू. मी बघतो."

केरूने त्या हाताकडे पाहिलं. मग खाली बसून माझी नाडी सोडली, डाव्याचीही सोडली, आणि आम्हा दोघांना उचलून सीमारेषेबाहेर ठेवलं. अनवाणी उभा राहून तो म्हणाला, "सयाजीराव, आज बॉल देत न्हाई."

सयाजीराव काहीतरी बोलणार होते, पण तंबूतून पांढरी टोपी पुढे वाकून बघत होती. त्यांनी हात मागे घेतला.

मित्रांनो, जन्मभर मी ज्या दिवसाची वाट पाहिली, तो दिवस मी गवतात बसून पाहिला. केरूने तेरा षटकं टाकली. तेरा! चेंडू कुणी मातीत घासला नाही. काथ्यावर पडून तो असा उसळत होता, की सांगलीचे फलंदाज मागे सरून खेळू लागले. एकाच्या बॅटची कड घेऊन गेला, दुसऱ्याची मधली यष्टी उडाली. सात गडी! डावा बूट माझ्याशेजारी बसून म्हणाला, आपल्यावाचून काही अडत नाही बघ. मला दिसत होतं ते त्याला दिसत नव्हतं. दर चेंडूला जे काम माझं नाक करायचं, ते आता केरूचा अंगठा करत होता, आणि त्या खरखरीत काथ्यावर सातव्या षटकापासून लाल ठिपके उमटत होते.

"पुरं आता, केरू," सयाजीराव म्हणाले. या वेळी चेंडू मागत नव्हते, काळजीने म्हणत होते. केरूने ऐकलं नाही. आयुष्यात एकदा कप्तानाचं ऐकायला हवं होतं, तेव्हा ऐकलं नाही!

सांगलीचा डाव संपला. मैदानाच्या माळ्याने मूठभर हळद आणून अंगठ्यावर दाबली. नख जागेवर नव्हतं. पांढरी टोपीवाले गृहस्थ स्वतः चालत आले, केरूचं नाव, गाव लिहून घेतलं आणि म्हणाले, "बारा दिवसांनी पुण्याला चाचणी आहे. या. आणि नीट बूट घेऊन या."

मग आला बुधवार. आता केरूला वेळ होता, कारण चालताच येत नव्हतं. त्याने मला गुंडाच्या हाती ज्योतिबांकडे धाडलं. ज्योतिबांनी अर्धा दिवस खपून पत्री काढली. गुंडा मान खाली घालून शेजारी बसला होता. एकदाच म्हणाला, "बैलाला तरी इच्यारतो आपण, पाय दुकतुय का." ज्योतिबांनी म्हशीचं जाड कातडं दुहेरी घातलं, मेणाच्या दोऱ्याने शिवलं, तेल दिलं. पलटणीतसुद्धा मी इतका देखणा नव्हतो.

पुण्याच्या मैदानावर हिरवंगार गवत होतं. केरूने डावा बूट चढवला. मग मला घेतलं, नाड्या पार सैल केल्या आणि पाय आत घातला. सुजलेला अंगठा माझ्या नव्या नाकात शिरेना. त्याने पुन्हा ढकलला. मी माझं कातडं जमेल तितकं ताणलं, मित्रांनो, खरंच ताणलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण पाय आत आला नाही. जेव्हा पाय धड होता तेव्हा मी फाटका होतो, आणि मी धड झालो तेव्हा पाय फाटला होता.

त्याने मला बाजूला ठेवलं, पायाला फडकं गुंडाळलं आणि तीन चेंडू टाकले. तिसऱ्याला तो खाली बसला. त्या गृहस्थांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "पाय बरा झाला की कळवा."

पाय बरा व्हायला तीन महिने लागले. केरूने कार्ड टाकलं. पुढच्या वर्षी आणखी एक टाकलं. उत्तर आलं नाही.

पुण्याहून परतताना एसटीत केरूने मला मांडीवर घेतलं होतं. घाट चढताना माझ्या नव्या शिवणीवरून बोट फिरवत तो हळूच म्हणाला, "चूक माजी हाय. तुजी न्हाई." या वाक्याची मी किती दिवस वाट पाहिली होती! ते ऐकलं आणि मला अजिबात बरं वाटलं नाही.

आता एकोणऐंशी साल चालू आहे. केरू अजून कारखान्याच्या संघाबरोबर असतो, पण खेळत नाही. सामन्याच्या सकाळी तो प्रत्येक गोलंदाजाला बैल पाडावा तसं खाली बसवतो, त्याचा उजवा पाय मांडीवर घेतो आणि बुटाचं टोक अंगठ्याने दाबून बघतो. कातडं मऊ लागलं, तर तो गडी कितीही मोठा असो, चेंडू मिळत नाही. सयाजीरावही गुपचूप पाय पुढे करतात, आणि ते तर फिरकी टाकतात.

मी फळीवर असतो. दर रविवारी केरू मला तेल लावतो, डाव्याला थोडं कमी. मित्रांनो, तुम्हाला एकच विनंती आहे. ज्याच्या जोरावर तुम्ही धावता, त्याच्याकडे धावण्याआधी बघा. छिद्र बोटाएवढं होईपर्यंत थांबू नका. आणि कधी इकडे आलात, तर माझ्या केरूलाही हेच सांगा. सगळ्यांचे बूट तपासणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या उजव्या चपलेचा अंगठा तुटून दोन महिने झाले. तो सुतळीने बांधून लंगडत फिरतो आणि कुणी विचारलं, की म्हणतो, "फुडल्या बुधवारी."