टाकीतली पहिल्या धारेची

इतवारीने सहा महिने मोहाच्या दारूला तोंड लावलं नव्हतं, आणि ते काही अंगात साधुपण आलं म्हणून नव्हे. आलापल्लीच्या पत्रूची पोरगी सुकरी त्याच्या मनात भरली होती आणि पत्रूची अट एकच होती, जावई पिणारा नको. इतवारी लाकडाच्या ठेकेदाराकडे ड्रायव्हर होता. आज सोयरीक पक्की करायची म्हणून हातापाया पडून त्याने एका दिवसासाठी जीप मागून घेतली, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि लच्छूमामाला शेजारी बसवून एटापल्लीहून निघाला.

अर्ध्या वाटेत पेट्रोल संपत आलं. मामा शेजारी घोरत होता. मागे दोन सारखेच डबे होते. सर्दीने नाक चोंदलेल्या इतवारीने हाताला लागला तो टाकीत रिकामा केला. मैलभर गेल्यावर जीपने चार आचके दिले आणि मान टाकली.

पेट्रोलमध्ये पाणी असणार, असं त्याला वाटलं. टाकीखालचा बोल्ट गंजून बसलेला, हलेना. मग त्याने जवळच्या एका घरी जाऊन बाईला विचारून अंगणातल्या पपईचे दोन पोकळ देठ तोडले. मध्ये सायकलच्या फाटक्या ट्यूबचा तुकडा घालून दोऱ्याने आवळला. एक टोक टाकीत सोडलं, खाली बाईचाच जुना भोपळ्याचा तुंबा ठेवला आणि दुसरं टोक तोंडात धरून जोरात ओढलं. घसघशीत घोट आला. पेट्रोलच्या जळजळीमागून ओळखीची चव आली, आणि सहा महिन्यांचा नेम भर रस्त्यात मोडला.

"मामा," तो थुंकत म्हणाला, "त्या डब्यात का होतं?"

मामा आधी सागाची झाडं मोजू लागला. मग कबूल झाला. मोहाची शिंपडल्याशिवाय सोयरीक देवाला कळतच नाही, पत्रूला काही का वाटेना, असं त्याचं म्हणणं. म्हणून पाच लिटर लपवून घेतली होती.

इतवारी तुंबा भरायचा आणि नालीतल्या रेतीत ओतायचा. मामा दर वेळी त्याचा हात धरायचा. टाकी कोरडी झाल्यावर इतवारीने कार्बोरेटर पुसला, दुसऱ्या डब्यातलं खरं पेट्रोल भरलं आणि जीप सुरू झाली. वाटेत त्याने चुळा भरल्या, कांदा खाल्ला, चिंचेचा पाला चावला.

काही उपयोग झाला नाही. पत्रू राम राम करायला जवळ आला, वास येताच दोन पावलं मागे सरला. इतवारीने सगळं खरं खरं सांगितलं. पत्रूने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला की पिणाऱ्यांच्या कहाण्या तो जन्मभर ऐकत आलाय, फक्त ही पेट्रोलची तेवढी नवी. दारात सुकरी उभी होती. तिने मान खाली घातली तेव्हा इतवारी रडायचाच बाकी राहिला.

पण रडला मामा.

"पत्रूभाऊ, याले पोरगी देऊ नोका," तो अंगणातच बसला. "पहिल्या धारेची होती. मी म्हनलो, पेट्रोल वर तरंगते, खालची तरी वाचवू. यानं ऐकलं नाई. एकेक तुंबा मातीत ओतला. एक थेंब ठेवला नाई. असा दगडाचा मानूस मी पाह्यला नाई."

मामाच्या डोळ्यांतून खरोखर धारा लागल्या होत्या. पत्रूने वाकून त्याचं तोंड नीट निरखलं. असं रडणं कोणाला सोंग घेऊन जमत नाही, हे जन्मभर पिणारे पाहिलेल्या पत्रूइतकं कोणाला ठाऊक.

"सुकरे," त्याने हाक मारली, "जावयाले पानी आन."