जागा नाही

वेलिस्लावाने पेन्सिलीचं टोक नकाशावरच्या चौथ्या मुक्कामावर टेकवलं आणि फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये धरला. नकाशा स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या चारही कडांवरून खाली लोंबत होता. एका कोपऱ्यावर साखरेचा डबा आणि दुसऱ्यावर ब्रेकच्या नव्या गुटक्यांची पुडी ठेवून तिने तो कसाबसा पसरवला होता.

"जागा नाही," पलीकडचा माणूस म्हणाला.

"मे महिन्यात? तेही मंगळवारी?"

"भरलंय सगळं."

"मग अंगणात गाडी तरी लावू द्या. मी गाडीतच झोपेन. सकाळी सायकल काढून वरच्या डोंगरधारेवर जाईन, संध्याकाळी परत येईन."

"तसं नाही करता येणार, बाई."

"का?"

माणूस घुटमळला. त्याच्या मागे कोंबड्या कुरकुरत होत्या. भरलेल्या घराचा म्हणावा असा दुसरा आवाज मात्र नव्हता.

"हे बघा," तो म्हणाला, "तुम्हा मायलेकरांच्या भांडणात मला पडायचं नाही. तुमच्या मुलाला मी शब्द दिलाय."

पेन्सिलीचं टोक मोडलं.

तिने फोन खाली ठेवला. परवा आणखी दोन ठिकाणांहून असाच नकार आला होता. दोघांनीही नाव विचारलं होतं, आणि नाव ऐकल्यावरच जागा भरली होती. मुक्कामांची ती यादी मुलाला, ल्युबेनला, तिनेच पाठवली होती. नऊ दिवस, सहा गावं, सहा फोन नंबर. तिकडे ऑस्ट्रियात, ग्राझमध्ये पोराला सुखाने झोप लागावी म्हणून.

चौतीस वर्षं ती बल्गेरियातल्या प्लोवदिवच्या भूमापन कचेरीत होती. टेबलावरच्या या नकाशातल्या कितीतरी रेषा तिने स्वतः चालून मोजल्या होत्या. पथकात पाच जण, त्यांतले चार पुरुष. संध्याकाळी रोदोपी डोंगरांतल्या कुठल्याशा कुरणावर तंबू पडले की चौघे शेकोटीपाशी पाय पसरत आणि कोणीतरी म्हणे, "वेली, बटाट्यांचं तूच बघ. तुझ्या हाताला चव आहे." तिच्या हाताला अजिबात चव नव्हती. हे तिलाही माहीत होतं आणि त्यांनाही. पुढे ती डोंगरवाटांवर सायकल चालवायला लागली, तीही रविवारच्या मंडळाबरोबर. प्रत्येक अवघड उतार संपला की खाली कोणीतरी थांबून तिच्याकडे बघत असे. एकदाही पडली नाही तरी बघत असे. सगळ्या धारा तिने पाहिल्या होत्या, पण पुढे कोणाची तरी पाठ असायची, नाहीतर मागे कोणाची तरी नजर. गेल्या शरदात ती निवृत्त झाली. एकटीने कशासाठी जायचंय, हे तिला कोणीच विचारलं नव्हतं. सगळे विचारत होते ते अस्वलांबद्दल.

तिने ल्युबेनला फोन लावला.

"आई, मी मीटिंगमध्ये आहे."

"बाहेर ये."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दार.

"किती ठिकाणी फोन केलेस?"

खोटं बोलणं त्याला लहानपणापासून जमत नसे.

"सहा. एका म्हातारीने मध्येच ठेवून दिला."

"काय सांगितलंस त्यांना?"

"हिवाळ्यात तुला चक्कर आली होती, म्हणून सांगितलं."

"मी बर्फावर घसरले होते."

"एकटी असताना घसरलीस. मुद्दा तोच आहे ना? आई, त्या भागात अर्धी गावं ओस पडलीत. फोनला रेंज नाही. अस्वलं आहेत."

"अस्वलांनाही फोन केलास का? म्हातारी येतेय, जागा नाही म्हणा?"

"थट्टा नको. तुला तिथे काही झालं तर मला कळणार कसं?"

"फेब्रुवारीत तुझं पोट फाडलं, ते मला कसं कळलं?"

तिने त्याला मध्ये बोलू दिलं नाही.

"तुझ्या मुलीने फोटो पाठवला. इस्पितळाच्या खाटेवर बसून तू जेली खातोयस. चार दिवस झाले होते तोवर."

"तुला काळजी वाटू नये म्हणून नव्हतं सांगितलं."

"मला काळजी वाटू नये म्हणून तू गप्प बसणार. तुला काळजी वाटू नये म्हणून मी घरात बसणार. दोन्हीकडे ठरवणारा तूच."

"आई, ऐक तरी."

तिने फोन बंद केला.

मग ती बाल्कनीत गेली आणि आधीच स्वच्छ असलेली सायकलची साखळी पुन्हा पुसू लागली. फडका दातेरी चाकात अडकला. तिने तो इतक्या जोरात ओढला की बोटाचं सालटं निघालं. बोट चोखतच ती आत आली, मोठं खोडरबर घेतलं आणि सगळा मार्ग पुसून टाकला. कागदाला लव सुटेपर्यंत पुसला. दुसऱ्या पेन्सिलीने नवा मार्ग आखला तो सहाही गावं टाळून. तळ्याकाठी गाडीत मुक्काम, रानातल्या कच्च्या रस्त्यांनी प्रवास, पाण्यासाठी झरे. ही यादी कोणालाही पाठवायची नाही. तासाभरात नऊ दिवस पुन्हा बसले.

एकच काम उरलं. यादीतल्या कामेन दोल गावच्या सेव्दा नावाच्या बाईने तिला परवा खोली देऊ केली होती. तिला, येत नाही, एवढं तरी कळवायला हवं होतं.

सेव्दा फोनवर ओरडून बोलत असे, मध्ये दरी असल्यासारखी.

"कोण? सायकलवाली का? तुझ्या मुलाचा फोन आला होता गं."

"माहीत आहे. त्याच्या वतीने मी माफी मागते, आजी."

"मला म्हणतो, तिला सांगा जागा नाही. मी म्हटलं, बाळा, माझ्या दोन्ही बाजूंची घरं रिकामी, समोरचं रिकामं, चर्चसुद्धा रिकामं. जागा नाही म्हणून कोणाला पटेल? मग तो समजावायला लागला. मी ठेवून दिला. मला समजावणारा घरचा एक आहे, तो पुरे."

"तुमचा मुलगा?"

"रुमेन. माद्रिदला असतो. मागच्या खेपेला आला तेव्हा चुलीच्या वर कॅमेरा लावून गेला. मी पडले तर त्याला दिसावं म्हणे. आता बसल्या जागी त्याला दिसतं, मी मीठ किती घालते ते. मी त्याच्यावर एप्रन अडकवते. मग तो गाडीतून पाव घेऊन येणाऱ्या पाववाल्याला फोन करतो, जाऊन बघून ये."

वेलिस्लावा हसली नाही. तिने टोक मोडलेली पेन्सिल उचलली आणि परत ठेवली.

"आजी, मी फोन केला तो वेगळ्याच कारणाने. माझा मार्ग बदललाय. मी तुमच्याकडे येत नाहीये."

"अस्सं." ओरडणं खाली आलं. "मी बीन्स भिजत घालणार होते. असू दे." थोडं थांबून ती म्हणाली, "तुझी गाडी मोठी आहे का?"

"व्हॅन आहे. मागे सायकल आणि झोपायची फळी. का?"

"वर वीशोवोला माझी बहीण आहे. फिदांका. शेळ्या घेऊन एकटीच असते, खाली यायला तयार नाही. रस्ता वाईट आहे, पण मोठी गाडी जाते. पाववाला नेईना. रुमेनने त्याला बजावून ठेवलंय, आईला गाडीत घ्यायचं नाही."

"आजी, मी एकटी जाणार आहे."

आवाज तिला हवा होता त्यापेक्षा कडक निघाला.

"बरोबर आहे," सेव्दा म्हणाली. "एकटीनेच जावं. मी आपलं विचारून पाहिलं. बरं, ठेवते."

"थांबा. बहिणीला शेवटचं कधी भेटलात?"

"तीन हिवाळे झाले."

वेलिस्लावाने नकाशावर कामेन दोल शोधलं. वीशोवोकडे जाणारी तुटक रेषा होती, तीव्र चढाची, चौदा-पंधरा किलोमीटरची. ती रेषा तिचीच होती. एका पावसाळी जूनमध्ये पथकाने ती मोजली होती आणि वीशोवोच्या पाणवठ्यावर कोणीतरी त्यांना दूध दिलं होतं. पंधरा किलोमीटर. तेवढं तर ती रविवारी सकाळी न्याहारीआधी करत असे. माद्रिदमध्ये बसलेल्या एका माणसाने एक पाववाला गाठून तेवढ्या वाटेला कुलूप घातलं होतं. तिचा राग इतका वेळ ग्राझकडे तोंड करून उभा होता, तो आता दुप्पट झाला आणि त्याला दोन दिशा फुटल्या.

"शनिवारी येते," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी. तुम्हाला वर सोडते. मी दोन दिवस तिथल्याच धारांवर सायकल चालवेन, मग जाताना तुम्हाला खाली आणेन."

"आणि मला यायचं नसलं तर?"

"तर नाही आणणार."

मग सेव्दा एकदम कामाचं बोलू लागली. फिदांकाला साखर लागेल, काडेपेट्या लागतील, रेडिओला बॅटऱ्या लागतील, मोठ्या. वेलिस्लावा नकाशाच्या कडेला ते सगळं लिहून घेत गेली.

"एप्रनचं काय करू?" शेवटी सेव्दाने विचारलं.

"काय करायचंय? राहू दे तिथेच."

"मग त्याला वाटेल मी मेले."

"निघायच्या आधी फोन करून सांगा, बहिणीकडे चाललेय म्हणून. विचारू नका, सांगा."

हे वाक्य तोंडातून गेल्यावर तिची नजर कोणालाही न कळवायच्या नव्या मार्गावर गेली.

संध्याकाळी ल्युबेनचा फोन आला तेव्हा ती व्हॅनमधली शिडी आणि टूलबॉक्स मागे हलवून पुढची जागा मोकळी करून आली होती. तिने पाच वेळा फोन वाजू दिला, मग उचलला.

"मी त्या सगळ्यांना परत फोन केले," तो म्हणाला. "जागा आहे सगळीकडे."

"मला नको आहे आता. माझा मार्ग वेगळा आहे."

"कुठला?"

"निघताना सांगेन. वाटलं तर."

तिने व्हॅनची किल्ली टेबलावर ठेवली.

"निदान कोणाला तरी बरोबर घे," तो म्हणाला. "एक जण तरी."

"पहिल्या टप्प्याला आहे एक जण. सेव्दा म्हणून आहे. तो डोंगर तिला पाठ आहे."

"खरंच?" त्याने सोडलेला श्वास तिला ऐकू आला, आणि त्या श्वासाचा तिला नव्याने संताप आला. "बरं वाटलं. कोण आहेत त्या? वाटाड्या?"

"तुझा फोन मध्येच ठेवून दिला, ती म्हातारी. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. बहिणीला भेटायला निघालीय. आणि तिच्या मुलाला शोधून फोन करायचा नाही. केलास तर मी नऊ दिवस काय, नऊ महिने फोन उचलणार नाही."

ती वाट बघत राहिली. आता तो ओरडेल, मग आपण ओरडू. शब्द तिच्याकडे तयार होते.

"व्हॅनची पायरी गुडघ्याच्या वर आहे," ल्युबेन म्हणाला. "त्या आजी चढणार कशा?"

वेलिस्लावाने खिडकीतून खाली रस्त्यावर उभ्या व्हॅनकडे पाहिलं. दिवसभरात तिने प्रत्येक चढ मोजला होता, प्रत्येक झरा, पेट्रोलचं प्रत्येक ठिकाण.

"ते मी पाहिलंच नाही," ती म्हणाली.